तोवा कोण?

रेहानचं मत सरळ असायचं. आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. इंटरनेटवर ‘रेहान बघतो’ असं त्याचं पान होतं. मिरजेत, सतारींच्या कारखान्यावरच्या खोलीत बसून तो जपानी ॲनिमे मालिका बघायचा आणि भाग संपता संपताच अंगठ्यांनी लिहायला लागायचा. एक वाक्य, पाठवलं. काहीतरी आठवलं, अजून एक वाक्य, तेही पाठवलं.

‘लोखंडी पाखरं’बद्दल त्यानं लिहिलं, ‘सुरुवात भारी. मग हिरोला आपण हिरो आहोत हे कळलं आणि सगळं बिघडलं.’ ‘उद्याची शाळा’बद्दल, ‘रडवायचा इतका जीव तोडून प्रयत्न करतात की मला त्यांचीच दया आली.’ भुतांच्या खानावळीवरची एक मालिका होती, तिच्याबद्दल, ‘जेवणाची चित्रं बघून भूक लागते, गोष्ट बघून झोप. जेवताना बघा.’ आणि एकदा सगळ्यांनाच उद्देशून, ‘डबमध्ये ॲनिमे बघणारे लोक बिर्याणीवर टोमॅटो सॉस घालतात.’ मूळ जपानी आवाज आणि खाली मराठी ओळी, याशिवाय तो काही बघायचाच नाही.

खाली कारखान्यात त्याचे अब्बा सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी काढत, सूर खुलवत बसलेले असायचे. वरून तलवारींचे आवाज आले की ते शेजारच्या कारागिराला म्हणायचे, “दाढी आली तरी कार्टून सुटंना ह्याचं.”

पण ॲनिमेची सवय त्याला लावली होती थोरल्या बहिणीनं, नाझनीन आपानं. अम्मी गेली तेव्हा रेहान शाळेत होता. आपानं त्याला जेवायला घातलं, अभ्यासाला बसवलं, आणि त्याची रड थांबेना तेव्हा एक जुनी जपानी मालिका लावून दिली. पुढं आपाचं लग्न झालं, ती सोलापूरला गेली. तेव्हापासून दोघं तीच मालिका आपापल्या घरी बघायचे आणि शुक्रवारी दुपारी फोनवर भांडायचे. हा भारी, तो टुकार, शेवट असा हवा होता. सासरच्या गोष्टी, माहेरच्या गोष्टी, सगळं त्याच भांडणातून यायचं. सरळ ‘कशी आहेस’ विचारायची दोघांनाही सवय नव्हती.

मग ‘शेवटचं मिठागर’ आली.

समुद्र आटत चाललेलं एक बेट, त्यावर मिनामो नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ तोवा, आणि दोघांनी मिळून चालवलेलं मिठागर. गोष्ट एवढीच. पण ही ‘जुळणी’ची पहिली मालिका होती.

जुळणी म्हणजे काय, ते रेहाननं कुणाला न विचारता वाचून वाचून समजून घेतलं होतं. टीव्हीच्या वरच्या कडेला एक बारीक कॅमेरा असतो. तो बघणाऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. नजर पडद्यावर कुठं टेकली, किती वेळ टेकली, बाहुली मोठी झाली की लहान, पापणी कधी लवली. शेजारी माइकही असतो, माणूस हुंकारला की सुस्कारला ते ऐकायला. मालिकेचे लेखक फक्त हाडं देतात. त्यावरचं मांस यंत्र तिथल्या तिथं भरतं, चित्रं काढत, संवाद रचत, प्रत्येक घरात वेगळं.

लहानपणी वस्तू लपवून ‘थंड, थंड, कोमट, गरम’ खेळतात ना, अगदी तसंच. लपवलेली वस्तू काय आहे हे यंत्राला माहीत नसतं. ते मिनामोच्या चालीत थोडा बदल करून बघतं. तुमची बाहुली हलली नाही, थंड. केस बांधायची पद्धत बदलतं. बाहुली जरा मोठी झाली, कोमट. मग त्याच वाटेनं अजून एक पाऊल. त्याला तुमच्याबद्दल काही कळत नाही. ते फक्त गरमच्या दिशेनं चालत राहतं.

रेहान खूश झाला. त्यानं लिहिलं, ‘हे आमच्या धंद्यासारखं आहे. वादकाच्या चेहऱ्याकडं बघत घोडी घासायची, तो हसला की थांबायचं.’ आणि त्याच दिवशी आपाला फोन करून म्हणाला, “तूपण घे. तुझ्या त्या भिकार डबमध्येसुद्धा आहे.”

त्याच्या पानावर सुरुवातीला मजा आली. लातूरचा एकजण म्हणाला, मिनामो म्हातारी दाखवलीय ते आवडलं. रत्नागिरीची मुलगी म्हणाली, म्हातारी कुठं, शाळेत जाते की ती. कुणाच्या बेटावर बर्फ पडत होता. मग भांडणं लागली, तू खोटं बोलतोस, तू बघितलीच नाहीस. मग हळूहळू पान शांत झालं. मत देणं म्हणजे आपलं स्वप्न दुसऱ्याला सांगण्यासारखं झालं होतं, आणि दुसऱ्याचं स्वप्न कोण किती वेळ ऐकणार? रेहान लिहायचा, खाली कुणी काही म्हणायचं नाही.

राहिला शुक्रवारचा फोन.

“कुठपर्यंत आलीस?” त्यानं एका शुक्रवारी विचारलं.

“ती विहिरीत उतरते तिथं.”

“काय सीन आहे आपा. तोवा वर दोर धरून उभा. हात सोलून निघाले तरी सोडत नाही.”

फोनमध्ये फोडणी तडतडली.

“तोवा कोण?” आपानं विचारलं.

“आता नाटकं करू नको.”

“अरे खरंच. कोण तोवा?”

“भाऊ तिचा. धाकटा.”

“माझ्यात भाऊ नाही. एकटीच असते ती. दोर खांबाला बांधलाय तिनं.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “बरं, ठेवते, दूध उतू जाईल.”

रेहान फोन हातात धरून बसला. गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट होती. कुणाच्या बेटावर बर्फ पडतो, कुणाच्या बेटावर भाऊ नसतो. पण त्याच्या मालिकेत मिनामो आता केसांत पेन्सिल खोचायची. मिठाची चव घेताना आधी चिमूट मनगटाच्या मागच्या बाजूला ठेवून मग जीभ लावायची. ही आपाची सवय होती, डाळीची चव ती तशीच घ्यायची. यंत्र गरम, गरम करत त्याच्या डोळ्यांतून आपापर्यंत पोचलं होतं. मग आपाच्या डोळ्यांतून ते रेहानपर्यंत का पोचलं नाही? उलट मूळ गोष्टीत होता तो भाऊही पुसला गेला. कसा?

दुसऱ्या दिवशी तो अब्बांना म्हणाला, “आपाकडं जाऊन येतो.”

“काय झालं?”

“काही नाही. असंच.”

अब्बांनी कानस थांबवली नाही. “भडंग घेऊन जा तिला. तिकडचं तिखट नसतं.”

सोलापुरात आपाचं घर दोन खोल्यांचं होतं. मेहुणे तौसीफभाई टॉवेलच्या कारखान्यात कामावर गेले होते. आपाच्या सासूबाई, अम्मीजी, बाहेरच्या खाटेवर गुडघ्याला फडकं बांधून बसल्या होत्या. त्यांनी रेहानच्या डोक्यावरून हात फिरवला आणि “किती वाळलास रे” म्हणून लगेच त्याच्याकडून भडंगाची पुडी काढून घेतली. आपा जरा भरली होती. हसत होती. त्याला बघून तिला आनंद झाला, पण शेजारचं ओळखीचं माणूस आल्यावर होतो तेवढाच. रेहानला ते लगेच जाणवलं, आणि आपलं काहीतरी चुकत असेल असं त्यानं स्वतःला सांगितलं.

स्वयंपाकघरात ओट्यावर भिंतीला टीव्हीचा छोटा पडदा होता. आपाचे हात कणकेत आणि समोर ‘शेवटचं मिठागर’ चालू. मराठी डब.

“सॉस घालतेस अजून बिर्याणीवर,” रेहान म्हणाला.

“तू ये पोळ्या लाटायला, मी वाचत बसते खालच्या ओळी.”

तो दाराशी, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर उभा राहून बघत होता. आपाची मिनामो वेगळी होती, रुंद खांद्यांची, कामसू, फारशी न बोलणारी. ती मीठ ओढता ओढता एक गाणं गुणगुणायला लागली. साधंच गाणं, पण आवाज असा की रेहानच्या अंगावर काटा आला. आपाचे हात थांबले. तिनं पडद्याकडं पाठ केली, तोंड पलीकडच्या भिंतीकडं, डोळे मिटले.

आणि पडद्यावरचं गाणं पातळ व्हायला लागलं. आधी मागचं वाद्य गेलं. मग आवाजातला गोडवा गेला. मग मिनामोनं ओळ अर्ध्यात सोडली, फावडं उचललं आणि ती चालायला लागली. जणू ती कधी गातच नव्हती.

आपानं डोळे उघडले आणि पुन्हा कणीक मळायला घेतली.

“आपा, तोंड का फिरवलंस?”

“ऐकत होते.” तिला हा प्रश्नच कळला नाही.

रेहानला मात्र कळलं. त्यांच्या कारखान्यात असंच ऐकतात. सतारीचा सूर बारकाईनं ऐकायचा तर तिच्याकडं पाठ करायची, भिंतीकडं तोंड, डोळे बंद. डोळे उघडे ठेवून ऐकणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दल अब्बा मागून म्हणायचे, “त्याचं लक्ष बोटांवर होतं, सुरावर नव्हतं.” आपा आणि तो त्या कारखान्यातच रांगले होते. रेहान खालच्या ओळी वाचायचा म्हणून त्याचे डोळे पडद्याला चिकटलेले असायचे. आपा कानानं बघायची. जे तिला सगळ्यात जास्त आवडायचं, त्याच्याकडं ती पाठ करायची.

“सुरुवातीला होता का एक पोरगा तुझ्यात?” त्यानं विचारलं.

आपा आठवायला लागली. “होता की. आवाज अगदी तुझ्यासारखा, नाकातला. तो बोलायला लागला की मी हातातलं काम थांबवून ऐकायचे.”

“भिंतीकडं बघून.”

“मग कसं ऐकतात?”

“पुढं काय झालं?”

“मग तो कमी कमी बोलायला लागला. मग दिसलाच नाही. मला वाटलं, शिकायला गेला असेल.”

रेहाननं तिला सांगितलं. तोवा तोंड उघडतो आणि ही बाई तोंड फिरवते, एवढंच यंत्राला दिसत होतं. थंड. अजून थंड. दर भागाला त्यानं तोवा थोडा थोडा तासून काढला. आणि एकदा तासलं की घोडीवरचं हाड परत येत नाही.

आपानं कणीक बाजूला सारली. मग हात धुऊन म्हणाली, “परत आण की त्याला. तुला येतं ना त्यातलं?”

रेहाननं तिची जुळणी पुसून नवी सुरू केली. “या वेळी डोळे उघडे ठेव. काही झालं तरी बघत राहा.” आपा पडद्यासमोर स्टुलावर बसली, डोळ्यांच्या डॉक्टरकडं बसतात तशी, डोळे ताणून.

बेट आलं. मिनामो आली. आणि टेकडीवरून तोवा पळत आला. आपानं श्वास रोखला, पापणी पडू दिली नाही. तोवा काहीतरी बोलायला लागला, आणि वाक्याच्या मधेच थांबला. त्यानं तोंड पडद्याबाहेर, आपाकडं वळवलं. जवळ आला. अजून जवळ. त्याचीही पापणी पडत नव्हती. आपाचे डोळे पाणावले, तिनं जरा डावीकडं बघितलं, तर तो डावीकडं सरकला. ती उजवीकडं, तर तो उजवीकडं. मागचा समुद्र, मिनामो, आकाश, सगळं फिकट होत गेलं. नुसतं तोंड राहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कानांचं काही काम उरलंच नव्हतं तिथं.

सासूबाई गुडघा धरत दारात आल्या. “हा पोरगा कुणाकडं बघतोय गं?”

आपानं पडदा बंद केला. “हा तो नाही,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती त्याला स्टँडपर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, “रेहू, एक सांगते. राग मानू नको.”

“सांग.”

“लग्न झाल्यावर मी रोज रडायचे. ह्यांना वाटायचं, घरातलंच काही चुकतंय. तो पोरगा मालिकेतून गेला ना, तेव्हापासून बंद झालं. झोप लागायला लागली. तुमची आठवणच यायची नाही.” रस्ता ओलांडताना ती म्हणाली, “शुक्रवारचा फोन पण मोबाइल वाजून सांगतो, म्हणून करते. नाहीतर राहून जाईल.”

रेहाननं बसच्या पाटीकडं बघितलं. त्याला विचारायचं होतं, मग आता काय करणार आहेस? पण उत्तर त्याला नको होतं. आज जे पुसलं ते तिनं परत तसंच जुळवलं, तर ती सुखी राहणार, आणि ती सुखी राहिली तर हळूहळू त्याला बहीण राहणार नाही. ह्यातलं एक निवड, असं तो कोणत्या तोंडानं म्हणणार?

“बघ तुला जमेल तसं,” तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पहिल्या शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं दुपारभर मिठागर लावलं. मिनामो आता फार सुंदर झाली होती. म्हणजे दिसायला नाही. ती आपा होती, लग्नाआधीची, दुपारी पाय पसरून बसून त्याच्या डोक्याला तेल लावणारी. ती तोवाला रागवायची, चिडवायची, त्याचं सगळं ऐकून घ्यायची. तिला कधीच दूध उतू जायची घाई नसायची. रेहाननं पानावर लिहिलं, ‘ही मालिका संपू नये.’ पाठवलं. वाचून त्याला स्वतःलाच जरा विचित्र वाटलं, कारण संपू नये असं त्याला कधी कशाबद्दल वाटलं नव्हतं. त्यानं ते वाक्य तसंच ठेवलं. आणि आपाला आपण होऊन फोन करावा हा विचार आला, तेव्हा तो मनाशी म्हणाला, हा भाग होऊ दे.

मग एका शुक्रवारी, अब्बा नमाजला गेले होते, कारखाना बंद होता, घरात तो एकटाच, आणि फोन वाजला. आपा.

त्यानं आधी पडद्याकडं बघितलं, मग फोनकडं. नजर हलली तशी मिनामो बोलता बोलता थांबली.

“काय करायलैस?” आपा म्हणाली.

“काही नाही.”

“आज मोबाइल वाजला नाही. ते आठवणीचं वाजणं काढून टाकलंय मी. मीच केला.”

“हं,” रेहान म्हणाला. त्याचे डोळे परत पडद्यावर गेले होते.

आपा बोलत राहिली. कुकरची रिंग गेलीय, दुकानं पालथी घातली, त्या मापाची मिळत नाही. अम्मीजींचा गुडघा सुजलाय, बार्शीचं कुठलं तेल आणलंय, त्याचा वास घरभर. आवाज जरा बसलेला, मधेच खोकत होती. ऐकायला काही फार बरं वाटत नव्हतं. पडद्यावर मिनामो त्याच्याकडं शांत बघत बसली होती, सगळा वेळ त्याचाच असल्यासारखी. रेहानच्या मनात आलं, ही जास्त आपा आहे. आणि हे आपल्या मनात आलं, याची त्याला एवढी भीती वाटली की त्यानं खुर्ची फिरवून पडद्याकडं पाठ केली.

मागं क्षणभर काही आवाज नव्हता. मग समुद्र गर्जला. तो वळला नाही. मग घंटा. मग पाखरांचा थवा. मग तोवा हमसून हमसून रडायला लागला, मग एकदम थांबला. त्याला कळत होतं, ते चाचपडतंय. थंड. थंड. थंड.

“...रिंग मिळाली नाही तर नवीनच घ्यावा लागेल,” फोनमध्ये आपा म्हणत होती.

“रिंग मिळाली नाही तर,” मागून मिनामो म्हणाली.

आजपर्यंत ती जपानीतच बोलली होती. हे मराठी होतं, माइकनं फोनमधून टिपलेलं. आवाज आपाचा होता, पण बसलेला नव्हता.

“गुडघा सुजलाय रे,” ती म्हणाली आणि हसली. ते हसणं रेहाननं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याची मान आपोआप वळायला लागली.

“कोण आहे तिथं?” आपानं फोनवर विचारलं. “माझाच आवाज आल्यासारखा वाटतोय.”

“टीव्ही आहे.”

“बंद कर की.”

बंद करायचं तर मिनामोकडं तोंड करावं लागलं असतं. रेहान उठला, भिंतीला धरत दारापर्यंत गेला. “आपा, तू बोलत राहा. थांबू नको.”

“अरे पण झालं काय?”

“काही नाही. गुडघ्याचं सांग.”

तो अनवाणी जिना उतरून कारखान्यात आला. खिडक्या लावलेल्या होत्या, फटीतून ऊन येत होतं. आढ्याला भोपळे टांगलेले, भिंतीला टेकून तयार सतारींची रांग. तो लाकडाच्या भुशात खाली बसला. आपा तेलाबद्दल सांगत होती, गरम करून लावायचं, वरून रुईचं पान बांधायचं.

वरून हाक आली. “रेहू.”

फारशी मोठी नाही. जेवायला बोलावतात तशी. आणि भिंतीला टेकलेल्या सतारींच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, ज्यांना कुणी हात लावला नव्हता, त्या हाकेच्या सुरावर आपोआप बारीक गुणगुणायला लागल्या, एकीमागून एक, सगळी रांग.

“रेहू, वर ये ना.”

“ऐकतोयस ना रे?” आपानं फोनवर विचारलं, आणि खोकली.

रेहाननं हात लांब करून जवळच्या सतारीच्या तारांवर तळवा दाबून धरला. ती सतार गप्प झाली. मग सरकत दुसरीवर. मग तिसरीवर.

“ऐकतोय,” तो म्हणाला. “पान रुईचंच लागतं का?”